स्नोमोबाइलचे सुरक्षा रिकॉल

स्नोमोबाइलचे सुरक्षा रिकॉल म्हणजे विकल्या गेलेल्या स्नोमोबाइलमध्ये जीवितास अथवा मालमत्तेस धोका पोहोचवू शकणारा दोष आढळल्यावर उत्पादकाने त्या वाहनांच्या मालकांना सूचना देऊन दोषाचे निवारण विनामूल्य करून देण्याची प्रक्रिया होय. 'रिकॉल' या शब्दाचा मूळ अर्थ 'परत बोलावणे' असा असला, तरी बहुतेक प्रसंगी वाहन मालकाकडून कायमचे काढून घेतले जात नाही. ते अधिकृत विक्रेत्याच्या कार्यशाळेत नेऊन दुरुस्त केले जाते व पुन्हा मालकाच्या स्वाधीन केले जाते. मराठी वृत्तपत्रांत अशा घटनांसाठी 'वाहने परत मागवली' हा शब्दप्रयोग रूढ आहे.

स्नोमोबाइलचा वापर सर्वाधिक असलेल्या अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांत अशा रिकॉलसाठी कायदेशीर व्यवस्था आहे. मात्र दोन्ही देशांतील यंत्रणा वेगवेगळ्या आहेत. सूचना प्रसिद्ध झाली म्हणजे रिकॉल पूर्ण झाले असे होत नाही. सदोष वाहन प्रत्यक्ष दुरुस्त होईपर्यंत त्यातील धोका कायम असतो. स्नोमोबाइल हंगामी वापराचे, रस्त्यावर न चालणारे आणि अनेकदा हस्तांतरित होणारे वाहन असल्यामुळे सूचना सध्याच्या मालकापर्यंत न पोहोचण्याची शक्यता मोटारगाडीच्या तुलनेत अधिक असते. या कारणाने प्रक्रियेच्या अखेरच्या टप्प्यात मालकाची स्वतःची दक्षता महत्त्वाची ठरते.

पार्श्वभूमी

स्नोमोबाइल हे बर्फावरून चालणारे यांत्रिक वाहन आहे. त्याच्या पुढील बाजूस दिशा बदलण्यासाठी दोन स्की असतात, तर मागील बाजूस इंजिनाच्या शक्तीने फिरणारा रबरी पट्टा वाहनाला पुढे ढकलतो. कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या व्हॅलकोर्ट गावचे संशोधक जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिये यांनी १९३७ मध्ये बर्फावर चालणाऱ्या पट्ट्याच्या यंत्रणेचे पेटंट मिळवले. त्यांच्याच कंपनीने १९५९ मध्ये 'स्की-डू' हे हलके वाहन बाजारात आणले. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील रोझो येथे १९५४ मध्ये 'पोलारिस' या कंपनीची स्थापना झाली, तर त्याच राज्यातील थीफ रिव्हर फॉल्स येथे 'आर्क्टिक कॅट'चा उद्योग वाढला. जपानची 'यामाहा' ही या क्षेत्रातील चौथी मोठी उत्पादक होती. तिने २०२३ मध्ये स्नोमोबाइलचा व्यवसाय टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय जाहीर केला.

आरंभी दुर्गम वस्त्यांतील दळणवळण, टपाल, वैद्यकीय मदत आणि शिकार यांसाठी वापरले जाणारे हे वाहन पुढे क्रीडा व मनोरंजनाचे साधन बनले. आधुनिक स्नोमोबाइल ताशी १५० किलोमीटरपेक्षा अधिक वेग गाठू शकतात. चालकाभोवती मोटारीसारखा पोलादी सांगाडा नसतो, आसनपट्टा नसतो आणि प्रवास अनेकदा वस्तीपासून दूर, गोठलेल्या तळ्यांवरून किंवा जंगलवाटांवरून होतो. शून्याखाली वीस-तीस अंश सेल्सिअस तापमानात इंजिन बंद पडणे ही शहरातील रस्त्यावर केवळ गैरसोय ठरेल. दुर्गम भागात तीच गोष्ट प्राणावर बेतू शकते. यामुळे स्नोमोबाइलमधील लहान दोषाचाही सुरक्षेच्या दृष्टीने स्वतंत्र विचार केला जातो.

रिकॉलला कारणीभूत ठरणारे दोष

इंधन आणि आग

स्नोमोबाइलमध्ये इंधनाची टाकी सामान्यतः प्लॅस्टिकची असते आणि ती चालकाच्या आसनापुढे, इंजिनाच्या निकट बसवलेली असते. इंधन-अंतःक्षेपण पद्धतीच्या इंजिनात नळ्यांमधील इंधन दाबाखाली असते. त्यामुळे नळी घासली गेली, जोड सैल झाला किंवा टाकीला चीर गेली, तर इंधन केवळ ठिबकत नाही. ते तुषारांच्या रूपाने बाहेर फेकले जाऊ शकते. धूरनळीची उष्णता किंवा विजेची ठिणगी जवळच असल्याने आग लागण्याचा संभव निर्माण होतो.

या प्रकारच्या रिकॉलचे ठळक उदाहरण म्हणजे पोलारिसने २०२२ च्या अखेरीस केलेले रिकॉल. त्यात २०१३ ते २०२३ या मॉडेल-वर्षांतील तीन वेगवेगळ्या पिढ्यांच्या, दोन लाखांहून अधिक स्नोमोबाइलचा समावेश होता. टाकीच्या आत साठलेल्या स्थितिक विद्युतभाराचे विसर्जन होऊन इंधनाची वाफ पेटू शकते, असे त्याचे कारण देण्यात आले होते. हा दोष बाहेरून दिसणारा नव्हता. वाहन सुरळीत चालत असताना मालकाला त्याची चाहूल लागण्याचा कोणताही मार्ग नव्हता. शिवाय समाविष्ट वाहनांपैकी सर्वांत जुनी वाहने सुमारे दहा वर्षे वापरात होती. एवढ्या काळात वाहनाची मालकी एकदा किंवा अनेकदा बदललेली असणे स्वाभाविक असते.

थ्रॉटल आणि ब्रेक

स्नोमोबाइलचा वेग उजव्या हाताच्या अंगठ्याने दाबायच्या खटक्याने नियंत्रित केला जातो. या खटक्याला थ्रॉटल म्हणतात. त्याची तार अडकली, त्यात बर्फ गोठला किंवा स्प्रिंग निकामी झाली, तर अंगठा काढल्यावरही इंजिनाचा वेग कमी होत नाही. यासाठी इंजिन बंद करणारे बटण हँडलवर असते. शिवाय चालक वाहनावरून फेकला गेल्यास इंजिन आपोआप बंद व्हावे म्हणून अनेक वाहनांत चालकाच्या अंगाला अडकवायची सुरक्षा-दोरी असते. या साधनांतील दोषही रिकॉलचे कारण ठरू शकतो. स्नोमोबाइलचा ब्रेक पट्टा फिरवणाऱ्या यंत्रणेवर काम करतो. मोटारीप्रमाणे चार चाकांवर चार स्वतंत्र ब्रेक नसल्यामुळे ही एक यंत्रणा निकामी झाली, तर वाहन थांबवण्याचे दुसरे तितकेच प्रभावी साधन उरत नाही.

दिशानियंत्रण आणि सांगाडा

हँडलपासून स्कीपर्यंत जाणाऱ्या दांड्या, त्यांचे जोड व बोल्ट, तसेच स्कीला आधार देणारे भाग यांतील धातूचा दोष, अपुरी जोडणी किंवा कारखान्यात बोल्ट योग्य प्रमाणात न आवळला जाणे ही रिकॉलची आणखी काही कारणे होत. अशा दोषामुळे हँडल वळवूनही स्की वळत नाही. बर्फावर उंचसखल भागातून जाताना या भागांवर वारंवार आघात होत असल्याने सूक्ष्म तडा वाढत जाऊन भाग अचानक तुटू शकतो.

लहान मुलांसाठी बनवलेल्या कमी शक्तीच्या स्नोमोबाइलमध्ये असे दोष अधिक गंभीर मानले जातात. अडकलेला थ्रॉटल किंवा न वळणारी स्की या प्रसंगी काय करावे, हे मुलाला सुचेलच असे नाही.

कायदेशीर व्यवस्था

अमेरिका

अमेरिकेत मोटारगाड्या व मोटारसायकलींचे रिकॉल राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या अखत्यारीत येतात. स्नोमोबाइल मात्र सार्वजनिक रस्त्यांसाठी बनवलेले वाहन नसल्यामुळे ते 'ग्राहकोपयोगी उत्पादन' मानले जाते आणि ग्राहकोपयोगी उत्पादन सुरक्षा आयोगाच्या कक्षेत येते. हा आयोग १९७२ च्या ग्राहकोपयोगी उत्पादन सुरक्षा कायद्यान्वये स्थापन झाला. या विभागणीचा व्यावहारिक परिणाम असा, की महामार्ग प्रशासनाच्या संकेतस्थळावरील चासी क्रमांकाच्या शोधसुविधेत स्नोमोबाइलचे रिकॉल सापडत नाहीत. तेथे काही आढळले नाही म्हणून आपले वाहन निर्दोष आहे, असा समज करून घेणे चुकीचे ठरते.

१९७२ च्या कायद्याच्या कलम १५ नुसार आपल्या उत्पादनात मोठा धोका निर्माण करू शकणारा दोष असल्याचा निष्कर्ष रास्तपणे काढता येईल अशी माहिती मिळताच उत्पादक, आयातदार, वितरक आणि किरकोळ विक्रेता यांनी ती तात्काळ, म्हणजे २४ तासांच्या आत, आयोगास कळवणे बंधनकारक आहे. माहिती पुरेशी आहे की नाही याविषयी शंका असल्यास कंपनीला चौकशीसाठी सामान्यतः कामकाजाचे दहा दिवस मिळतात. दोषाच्या निवारणासाठी दुरुस्ती, बदली वस्तू किंवा परतावा असे तीन मार्ग कायद्यात सांगितले आहेत. स्नोमोबाइलसारख्या महागड्या यंत्राच्या बाबतीत दुरुस्तीचा मार्ग सर्वाधिक अवलंबला जातो.

अमेरिकेतील बहुसंख्य रिकॉल 'स्वेच्छेने' केले जातात, म्हणजे कंपनी व आयोग यांच्या सहमतीने जाहीर होतात. त्यामुळे धोका किरकोळ आहे किंवा सूचना पाळणे ऐच्छिक आहे, असे सूचित होत नाही. २००८ च्या ग्राहकोपयोगी उत्पादन सुरक्षा सुधारणा कायद्याने रिकॉल झालेले उत्पादन दुरुस्त न करता विकणे बेकायदेशीर ठरवले. वापरलेल्या वस्तूंची पुनर्विक्री करणाऱ्या व्यावसायिकांनाही हा नियम लागू होतो.

दोषाची माहिती वेळेवर न कळवल्यास दंडाची तरतूद आहे. पोलारिसने आपल्या बर्फाव्यतिरिक्त भूभागावर चालणाऱ्या चारचाकी मनोरंजन-वाहनांतील दोष तात्काळ न कळवल्याच्या आरोपावरून २०१८ मध्ये २ कोटी ७२ लाख ५० हजार डॉलरचा दिवाणी दंड भरण्याचे मान्य केले. ते प्रकरण स्नोमोबाइलचे नव्हते, तरी त्यामागील कायदा तोच आहे.

कॅनडा

कॅनडात स्नोमोबाइलचा समावेश मोटार वाहन सुरक्षा कायद्याखालील वाहनवर्गात होतो आणि त्याची अंमलबजावणी 'ट्रान्सपोर्ट कॅनडा' हा केंद्रीय विभाग करतो. त्यामुळे मोटारगाडी आणि स्नोमोबाइल या दोहोंचे रिकॉल एकाच शासकीय माहितीसाठ्यात उपलब्ध असतात. सुरक्षेशी संबंधित दोषाची सूचना कंपनीने मंत्र्यांना आणि वाहनमालकांना द्यावी लागते. २०१८ मध्ये या कायद्यात झालेल्या दुरुस्तीने कंपनीला रिकॉलचा आदेश देण्याचे, तसेच दोष कंपनीच्या खर्चाने दूर करण्यास भाग पाडण्याचे अधिकार मंत्र्यांना मिळाले. त्यापूर्वी कायद्याचा भर मुख्यतः सूचना देण्यावर होता.

युरोप

फिनलंड, स्वीडन आणि नॉर्वे या देशांच्या उत्तर भागात स्नोमोबाइल मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. युरोपीय संघातील धोकादायक उत्पादनांची माहिती 'सेफ्टी गेट' या सामाईक व्यवस्थेद्वारे सदस्य देशांत व जनतेपर्यंत पोहोचवली जाते. १३ डिसेंबर २०२४ पासून संघात सर्वसाधारण उत्पादन सुरक्षेचे नवे नियमन लागू झाले असून ग्राहकांना थेट सूचना देणे आणि दोषनिवारणाचे पर्याय उपलब्ध करून देणे यांविषयीचे कर्तव्य त्यात अधिक स्पष्ट करण्यात आले आहे.

सूचनेचे स्वरूप

अमेरिकन आयोगाच्या रिकॉल-सूचनेत सामान्यतः उत्पादनाचे नाव, मॉडेल व मॉडेल-वर्ष, धोक्याचे स्वरूप, निवारणाचा मार्ग, वाहनांची संख्या, तोपर्यंत नोंदलेले अपघात व दुखापती, विक्रीचा काळ व ठिकाण, साधारण किंमत आणि कंपनीशी संपर्काचे मार्ग दिलेले असतात. मालकाच्या दृष्टीने त्यांतील तीन बाबी निर्णायक ठरतात: आपले वाहन समाविष्ट आहे का, धोका वाहन चालवतानाच आहे की ते उभे असतानाही आहे, आणि तोवर काय करू नये.

सूचनेतील मॉडेलचे नाव जुळले तरी प्रत्येक वाहन सदोष असेलच असे नाही. काही रिकॉल विशिष्ट काळात बनलेल्या किंवा विशिष्ट पुरवठादाराचा भाग बसवलेल्या वाहनांपुरतेच असतात. याउलट, एकाच सांगाड्यावर बनलेली अनेक नावांची मॉडेल एका रिकॉलमध्ये येऊ शकतात. अखेरचा निर्णय चासी क्रमांकावरून होतो.

काही वेळा दुरुस्तीचा उपाय तयार होण्यापूर्वीच कंपनी 'वाहन चालवू नका' व 'विक्री थांबवा' अशा सूचना देते. अशा वेळी धोका निश्चित झालेला असतो. परंतु सुटे भाग कार्यशाळेत पोहोचलेले नसतात. हा प्रतीक्षेचा काळ हिवाळ्यात आला, तर मोजक्या आठवड्यांचा हंगाम वाया जाण्याच्या भावनेने सूचनेकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता वाढते.

रिकॉल आणि सेवापत्रक यांत फरक आहे. एखादा भाग लवकर झिजणे, इंजिन सुरू होण्यास वेळ लागणे अशा तक्रारींवर काय उपाय करावा, याचे मार्गदर्शन कंपनी आपल्या कार्यशाळांना सेवापत्रकाद्वारे करते. ते सुरक्षा रिकॉल नसते आणि हमीचा काळ संपल्यावर त्याखालील काम विनामूल्य होईलच असे नाही. सुरक्षा रिकॉलखालील दुरुस्ती मात्र हमी संपलेली असली तरी, तसेच वाहन दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे गेलेले असले तरी विनामूल्य केली जाते.

सूचना मालकापर्यंत न पोहोचण्याची कारणे

नवे वाहन विकताना विक्रेता खरेदीदाराचे नाव व पत्ता कंपनीकडे नोंदवतो. रिकॉलचे पत्र याच नोंदीच्या आधारे पाठवले जाते. वाहन खासगी व्यवहारात विकले गेले आणि नव्या मालकाने कंपनीला कळवले नाही, तर पत्र पूर्वीच्या मालकाकडे जाते. मिनेसोटासारख्या राज्यांत स्नोमोबाइलची शासकीय नोंदणी करावी लागते. तथापि ही नोंदणी आणि कंपनीची ग्राहकनोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्यात नोंदणी झाली म्हणजे कंपनीला नवा मालक आपोआप कळला, असे गृहीत धरता येत नाही.

उदाहरणार्थ, २०१५ मध्ये नवे घेतलेले वाहन पहिल्या मालकाने चार वर्षांनी शेजाऱ्याला विकले आणि शेजाऱ्याने ते पुढे आपल्या पुतण्याला दिले, तर २०२२ मध्ये निघालेले पत्र पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर जाईल. प्रत्यक्ष वाहन चालवणाऱ्या पुतण्याचे नाव कंपनीच्या कोणत्याही कागदावर नसेल. या साखळीत कोणीही हेतुपुरस्सर निष्काळजीपणा केलेला नसतो. तरीही सदोष वाहन वापरात राहते.

ऋतूचाही यात वाटा असतो. उन्हाळ्यात रिकॉल जाहीर झाले, तर वाहन झाकून ठेवलेले असते आणि पत्राकडे फारसे लक्ष दिले जात नाही. हिवाळा सुरू झाल्यावर ती सूचना विस्मरणात गेलेली असते.

मालकाने करावयाची कार्यवाही

चासी क्रमांकाची नोंद

आधुनिक स्नोमोबाइलला १७ वर्णांकांचा चासी क्रमांक असतो. पट्ट्याच्या वर असलेल्या धातूच्या लांबट आवरणावर, सहसा उजव्या बाजूस, तो कोरलेला किंवा पट्टीवर छापलेला आढळतो. १ व ० या अंकांशी गोंधळ होऊ नये म्हणून या क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरे वापरली जात नाहीत. क्रमांक बर्फाने किंवा चिखलाने झाकला जात असल्याने हंगामापूर्वी तो स्वच्छ करून त्याचे छायाचित्र घेऊन ठेवणे सोयीचे असते. नोंदणीपत्रावरील क्रमांक प्रत्यक्ष वाहनावरील क्रमांकाशी ताडून पाहावा.

रिकॉलचा शोध

चासी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासणे किंवा अधिकृत विक्रेत्याला दूरध्वनीवरून सांगणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. त्याला जोड म्हणून अमेरिकेत ग्राहकोपयोगी उत्पादन सुरक्षा आयोगाची रिकॉल-यादी आणि कॅनडात ट्रान्सपोर्ट कॅनडाचा माहितीसाठा पाहता येतो. वर्षातून किमान एकदा, हंगाम सुरू होण्यापूर्वी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास ही तपासणी केल्यास दुरुस्तीसाठी पुरेसा अवधी मिळतो. बर्फ पडू लागल्यावर कार्यशाळांत गर्दी होते. वापरलेले वाहन विकत घेताना ही तपासणी पैसे देण्यापूर्वी करणे इष्ट असते.

वापर थांबवणे

वाहन रिकॉलमध्ये समाविष्ट असल्याचे आढळल्यास, सूचनेत वापर थांबवण्यास सांगितले असेल तर तो तत्काळ थांबवावा. 'आजवर काही झाले नाही' हा अनुभव वाहन निर्दोष असल्याचा पुरावा ठरत नाही; वर उल्लेखिलेला इंधनटाकीचा दोष कोणत्याही पूर्वलक्षणाशिवाय प्रकट होऊ शकणारा होता. वाहनाची किल्ली व सुरक्षा-दोरी काढून वेगळी ठेवल्यास घरातील मुले किंवा पाहुणे ते अजाणतेपणी सुरू करण्याचा प्रसंग टळतो. ज्यांना ते वाहन वापरण्याची मुभा आहे, त्या सर्वांना रिकॉलची माहिती देणे आवश्यक असते.

धोका आगीचा असल्यास वाहन कोठे उभे आहे यालाही महत्त्व येते. उत्तर अमेरिकेत गॅरेज अनेकदा घराला लागूनच असते आणि त्याच्या वर किंवा शेजारी शयनकक्ष असतात. असे वाहन घरापासून, इतर वाहनांपासून आणि ज्वालाग्राही पदार्थांपासून दूर, मोकळ्या जागी ठेवणे सुरक्षित असते. ते हलवताना इंजिन सुरू करू नये. ढकलून किंवा ओढून न्यावे. टाकीतील इंधन काढावे की ठेवावे, हे सूचनेनुसार किंवा विक्रेत्याला विचारूनच ठरवावे. इंधन उपसताना निर्माण होणारी वाफ स्वतःच धोकादायक असते.

दुरुस्ती

विक्रेत्याशी संपर्क साधताना चासी क्रमांक व रिकॉलचा संदर्भ द्यावा आणि सुटे भाग उपलब्ध झाल्यावर कळवण्यास सांगावे. वापर थांबवण्यास सांगितलेले वाहन कार्यशाळेपर्यंत चालवत न नेता ट्रेलरवरून न्यावे. वाहन ज्या विक्रेत्याकडून घेतले त्याच्याकडेच दुरुस्ती करून घेतली पाहिजे असे सामान्यतः बंधन नसते. त्या कंपनीचा कोणताही अधिकृत विक्रेता ती करू शकतो.

रिकॉलखालील काम मालकाने स्वतः करणे टाळावे. दोष असलेला भाग बदलून तसाच दुसरा भाग बसवल्यास मूळ दोष कायम राहण्याची शक्यता असते. शिवाय काम झाल्याची नोंद कंपनीकडे होत नाही. कंपनीनेच संच पाठवून मालकाला तो बसवण्यास सांगितले असेल, तर गोष्ट वेगळी. वाहनात बाहेरचे सुटे भाग बसवले असतील किंवा इंजिनात फेरबदल केले असतील, तर ते विक्रेत्याला आधी सांगावे, कारण दुरुस्तीची पद्धत मूळ रचनेनुसार ठरवलेली असते.

काम पूर्ण झाल्यावर चासी क्रमांक, रिकॉलचा संदर्भ व तारीख असलेली लेखी पावती घ्यावी. काही दिवसांनी क्रमांक पुन्हा तपासून कंपनीच्या नोंदीत दुरुस्ती पूर्ण झाल्याचे दिसते की नाही, हे पाहता येते. एका वाहनावर एकापेक्षा अधिक रिकॉल असू शकतात. त्यांपैकी एक पूर्ण झाले म्हणजे सर्व पूर्ण झाले असे नव्हे.

तक्रार आणि पुरावा

विक्रेत्याने रिकॉलच्या कामासाठी पैसे मागितले किंवा काम नाकारले, तर प्रथम कंपनीच्या ग्राहकसेवा विभागाकडे लेखी तक्रार करावी. तेथे दाद न मिळाल्यास अमेरिकेत आयोगाकडे आणि कॅनडात ट्रान्सपोर्ट कॅनडाकडे जाता येते.

रिकॉल नसलेल्या वाहनातही दोष आढळू शकतो. थ्रॉटल अडकणे, इंधनाची गळती, सुकाणूचा भाग तुटणे यांसारख्या घटना कळवण्यासाठी अमेरिकन आयोगाने २०११ पासून सार्वजनिक ऑनलाइन नोंदसाठा उपलब्ध करून दिला आहे. एकेका मालकाची नोंद क्षुल्लक वाटली, तरी वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या सारख्या नोंदींवरूनच दोषाचा माग लागतो. निकामी झालेला भाग टाकून न देता जपून ठेवावा आणि दुरुस्तीपूर्वी त्याची छायाचित्रे घ्यावीत.

मालकी बदलताना

वाहन विकण्यापूर्वी सर्व प्रलंबित रिकॉलचे काम करून घेणे आणि त्याच्या पावत्या खरेदीदाराच्या हाती देणे, ही विक्रेत्या मालकाची जबाबदारी मानली जाते. विकून झाल्यावर रिकॉलचे पत्र आले, तर ते फेकून न देता नव्या मालकाकडे पोहोचवावे आणि मालकी बदलल्याचे कंपनीला कळवावे. नव्या मालकाने आपले नाव, पत्ता व चासी क्रमांक कंपनीकडे नोंदवल्यास पुढील सूचना थेट त्याला मिळतात.

मर्यादा

रिकॉल करणारी कंपनी किती वाहने दुरुस्त झाली याचे मासिक प्रगती अहवाल अमेरिकन आयोगाला देते. तथापि मालकावर दुरुस्तीची थेट सक्ती नसते; आपल्याच वापरातील सदोष वाहन तसेच ठेवणाऱ्या व्यक्तीला कोणी अडवत नाही. व्यवसाय बंद करणाऱ्या किंवा विकणाऱ्या उत्पादकांच्या बाबतीत अधिकृत कार्यशाळांची संख्या घटत जाते आणि मालकाला दूरवर जावे लागू शकते. १९७२ च्या कायद्यातील कलम ६ नुसार एखाद्या कंपनीच्या नावासह माहिती प्रसिद्ध करण्यापूर्वी आयोगाने सामान्यतः त्या कंपनीला किमान १५ दिवस आधी कळवावे लागते. या तरतुदीमुळे धोक्याची माहिती जनतेपर्यंत पोहोचण्यास विलंब होतो, अशी टीका ग्राहक संघटना करतात. चुकीच्या माहितीमुळे होणारी हानी टाळण्यासाठी ती आवश्यक आहे, असे उद्योगक्षेत्राचे म्हणणे असते.

भारतातील संदर्भ

भारतात स्नोमोबाइलचा वापर हिमालयातील सैन्यदले आणि पर्यटन यांपुरता मर्यादित आहे. काश्मीरमधील गुलमर्ग व हिमाचल प्रदेशातील सोलंग खोरे येथे पर्यटकांना त्यावरून फेरफटका मारता येतो. महाराष्ट्रातून जाणारे पर्यटक या वाहनाला बहुधा 'स्नो स्कूटर' किंवा 'स्नो बाइक' या नावाने ओळखतात. येथे दिसणारी बहुतेक वाहने विदेशी बनावटीची असल्यामुळे त्यांच्या मूळ देशात निघालेले रिकॉल भारतातील वाहनांनाही संबंधित असू शकतात. पर्यटक हा मालक नसल्याने चासी क्रमांक तपासून दुरुस्ती करून घेण्याची जबाबदारी वाहन भाड्याने देणाऱ्या व्यावसायिकावर येते.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेले कलम ११०-अ सदोष मोटार वाहनांच्या रिकॉलशी संबंधित आहे. तो कायदा मुख्यतः रस्त्यांवर वापरावयाच्या वाहनांसाठी आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जुलै २०२० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास धोकादायक अथवा असुरक्षित वस्तू परत मागवण्याचा आणि तशा सेवा थांबवण्याचा आदेश देण्याचा अधिकार आहे. याच कायद्यात सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीबद्दल उत्पादक, विक्रेता व सेवा पुरवठादार यांच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे.

हेही पाहा

स्नोमोबाइल
जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिये
ग्राहक संरक्षण कायदा, २०१९
गुलमर्ग